आधी मेडल वाच, मग फाइल उघड

वैजापूरहून तू तीन प्रश्न विचारलेस. तुझं लेझर आणि फ्लेक्सचं दुकान आहे. तिथल्या चर्चनं 8 सप्टेंबरच्या मारियामातेच्या जन्मसणासाठी ॲक्रिलिकच्या 250 कीचेन, धातूचे थोडे बिल्ले आणि एक मोठा बॅनर सांगितलाय. त्यावर त्यांना ‘चमत्कारिक मेडल’ हवंय, कॅथलिक लोक गळ्यात घालतात ते मारियामातेचं पदक. तू नेटवरून त्याचं मोफत व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेघांचं चित्र, उतरवून घेतलंस. आता ते पैशाच्या कामाला वापरता येतं का, मशीन एकच रेघ दोनदा का जाळतंय, आणि कडेचे फ्रेंच शब्द काढून मराठी टाकले तर चालतील का, हे तुझे प्रश्न. शेवटी तू एक ओळ लिहिलीस, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. ‘दादा, मी ख्रिस्ती नाही, चूक झाली तर मला कळणार पण नाही.’

तीनही प्रश्नांची उत्तरं देतो, पण सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करतो. मी छत्रपती संभाजीनगरात चोवीस वर्षं हे काम करतोय. आधी हातानं पितळी पाट्या खोदायचो, मग रोटरी मशीन आलं, आता लेझर. मी स्वतः कॅथलिक आहे, लहानपणापासून हे मेडल बघतोय, तरी मलासुद्धा चूक कळली नव्हती. जन्मानं कुणाला मेडल वाचता येत नाही. ते बसून वाचावं लागतं, आणि एकदा वाचलं की मोफत फाइल चांगली की वाईट हे तुला दोन मिनिटांत कळेल.

तर हे मेडल असं आहे. पॅरिसमध्ये र्‍यू द्यु बाक या रस्त्यावर डॉटर्स ऑफ चॅरिटी या सिस्टरांचा मठ आहे. 1830 साली तिथं कॅथरीन लाबूरे नावाची चोवीस वर्षांची मुलगी सिस्टर होण्यासाठी शिकत होती. 27 नोव्हेंबरच्या संध्याकाळी प्रार्थनेत तिला मारियामातेचं दर्शन झालं. माता पृथ्वीच्या गोलावर उभी, पायाखाली साप, दोन्ही हात खाली पसरलेले आणि बोटांतल्या अंगठ्यांमधून किरणं खाली पडताहेत. भोवती लांबट गोल चौकट आली आणि त्या चौकटीवर अक्षरं. मग ते चित्र फिरलं आणि मागची बाजू दिसली. या नमुन्याप्रमाणे मेडल घडव, असं तिला सांगण्यात आलं. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पुढची बाजू, मागची बाजू, बाहेरचा आकार आणि कडेचा मजकूर सगळं ठरूनच आलं. दोन वर्षांनी, 1832 मध्ये, पॅरिसच्याच वाशेत नावाच्या सोनारानं पहिली मेडलं घडवली. त्या साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ होती. मेडलं वाटली गेली, गुण आला असं लोक सांगू लागले, आणि ‘चमत्कारिक’ हे नाव लोकांनीच दिलं. कॅथरीननं मात्र हे दर्शन आपल्याला झालं हे जवळजवळ आयुष्यभर उघड केलं नाही. ती 1876 मध्ये वारली आणि 1947 मध्ये तिला संत म्हणून जाहीर केलं.

म्हणजे ज्या रचनेची फाइल तू उतरवलीस, ती कुणा डिझायनरला सुचलेली नाही. ज्यांच्यासाठी तू काम करतोयस त्यांच्या श्रद्धेनं ती वरून आलेली आहे. म्हणून तिच्यात ‘जागा रिकामी दिसत होती, एक फूल टाकलं’ असं करायचं नाही.

आता मागची बाजू नीट बघ, कारण चुका तिथंच होतात. मधे मोठा रोमन एम, म्हणजे मरिया. एमच्या वरच्या भागातून एक आडवी पट्टी गेलेली आणि त्या पट्टीवर क्रूस उभा. खाली दोन हृदयं. तुझ्या डाव्या हाताचं हृदय येशूचं, त्याला काट्यांचा वेढा आहे. उजव्या हाताचं मारियेचं, त्यात तलवार घुसलेली आहे. भोवती बारा तारे. काट्यांचं हृदय डावीकडे, तलवारीचं उजवीकडे, एवढं एक वाक्य पाठ कर.

हे पाठ करायला का सांगतोय ते ऐक. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका चर्चचं काम माझ्याकडं आलं होतं, अशाच ॲक्रिलिकच्या कीचेन, तीनशे नग. ॲक्रिलिकवर आपण मागच्या अंगानं खोदतो, म्हणजे पुढून बघताना चित्र काचेखाली दिसतं आणि हाताला घासत नाही. त्यासाठी फाइल मिरर, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी, करावी लागते, हे तुला माहीत आहेच. पुढच्या बाजूला अक्षरं असतात, त्यामुळे मिरर विसरला तर पहिल्याच नगाला कळतं. मागच्या बाजूला अक्षर एकच, एम. एम उलटा केला तरी एमच राहतो. क्रूस तसाच राहतो, तारे तसेच राहतात. मी एकदा मिरर केलं, मशीनवरच्या मुलानं पुन्हा केलं, आणि तीनशे नगांवर हृदयं अदलाबदल होऊन गेली. कुणालाच कळलं नाही, मलाही नाही. वाटपाच्या आदल्या दिवशी एका म्हाताऱ्या सिस्टरनी एक कीचेन हातात घेतली, उन्हाला धरली आणि विचारलं, ‘बाळा, काटे या बाजूला कसे आले?’ त्या रागावल्या नाहीत, पण मला रात्रभर झोप आली नाही. पहाटेपर्यंत मशीन चालवून सगळे नग पुन्हा काढले. पैठणीच्या काठावरचा मोर उलटा केला तरी मोरच असतो, अर्थ बदलत नाही. इथं बदलतो.

तेव्हापासून मी मिरर करायच्या फाइलमध्ये बाहेरच्या रिकाम्या जागेत एक छोटं ‘क’ टाकून ठेवतो, कटिंगच्या रेघेच्या बाहेर. मशीनच्या पडद्यावर ‘क’ उलटा दिसला की समजायचं, मिरर एकदाच झालंय. तूही तसं कर. फुकटचं आहे आणि झोप वाचते.

आता तुझी फाइल. तू पाठवलेलं चित्र मोठं करून बघितलं. बारा ताऱ्यांच्या जागी अकरा आहेत, खालचा एक बहुतेक कुणीतरी जागा होत नाही म्हणून काढलाय. तलवार बाणासारखी झालीय, मागं पिसंसुद्धा आलीत. आणि एमचं जे खरं सौंदर्य, ते गेलंय. खऱ्या मेडलमध्ये ती आडवी पट्टी एमच्या पायांत विणलेली असते, कुठं वरून जाते, कुठं खालून. पट्टीवर क्रूस, आणि क्रूसाच्या पायाशी मरिया गुंतलेली, असं ते एकत्र वाचायचं. तुझ्या फाइलमध्ये पट्टी आणि एम एकाच काळ्या आकारात मिसळून गेलेत. लांबून तो एम वाटतच नाही, दाराच्या कडीसारखा दिसतो.

हे होतं कारण बहुतेक मोफत व्हेक्टर कुणी हातानं काढलेली नसतात. एखाद्या मेडलचा फोटो घेतात, ट्रेसला, म्हणजे फोटोवरून आपोआप रेघा काढणाऱ्या प्रोग्रामला, टाकतात आणि निघेल ते व्हेक्टर म्हणून चढवतात. मेडल हा उठावाचा प्रकार आहे. फोटोत उठावाची एक बाजू उजळ दिसते, दुसरीकडं सावली पडते. ट्रेस करणाऱ्या प्रोग्रामला सावली आणि रेघ यातला फरक कळत नाही. म्हणून मातेच्या झग्याच्या चुण्या तुटक डागांसारख्या येतात आणि चेहऱ्याच्या जागी एक काळा ठिपका. हल्ली एआयनं काढलेली मेडलंही मोफत म्हणून फिरताहेत. ती दिसायला गुळगुळीत असतात, पण तारे मोजले की कधी दहा, कधी चौदा, आणि कडेची अक्षरं कुठल्याच भाषेतली नसतात.

मशीन रेघ दोनदा का जाळतं याचं उत्तरही यातच आहे. ट्रेस करताना प्रोग्राम रेघेला रेघ समजत नाही, तिला एक अरुंद काळी जागा समजतो आणि त्या जागेच्या दोन्ही कडा काढतो. पडद्यावर आत काळा रंग भरलेला असल्यामुळे तुला एक रेघ दिसते. मशीनला तू ‘कट’ सांगितलंस की ते दोन्ही कडांवरून जातं. बारीक रेघ असली की दोन्ही जाळ एकमेकांना चिकटतात आणि ॲक्रिलिक वितळतं. त्यामुळे चित्र ‘स्कॅन’वर (ओळीओळीनं खोदणं) घे आणि ‘कट’ फक्त बाहेरच्या लांबगोलाला आणि कडीच्या भोकाला दे. रंग वेगवेगळे देऊन ठेवलेस की मशीनच्या प्रोग्राममध्ये लेयर आपोआप वेगळे पडतात. तरीही दोनदा जाळत असेल तर त्याच जागेवर दोन आकार एकावर एक पडलेले असतील. कोरलमध्ये (कोरलड्रॉ, चित्र काढायचा प्रोग्राम) वायरफ्रेम, म्हणजे नुसत्या कडा, करून बघ, एक आकार उचलून बाजूला ठेव, खाली जुळा सापडेल. तुझ्या फाइलमध्ये मला डाव्या हृदयाखाली असा एक दिसतोय.

फाइल दुरुस्त करायची की नवी काढायची, हा निर्णय नोड, म्हणजे रेघेवरचे वळणाचे ठिपके, मोजून घे. मी एक सवय लावून घेतलीय. एकच तारा निवडायचा आणि त्याचे नोड बघायचे. पाच टोकांच्या ताऱ्याला दहा नोड पुरतात, पाच बाहेरचे, पाच आतले. तुझ्या फाइलमधल्या ताऱ्याला चाळीसच्या वर आहेत आणि एकही कड सरळ नाही. जिथं ताऱ्याची ही गत, तिथं मातेच्या बोटांची काय असेल? अशी फाइल दुरुस्त करत बसू नकोस. ती लॉक करून फिकट कर आणि तिच्यावर नवं काढ. मागची बाजू काढायला तुला दीड तास लागेल: एक तारा, त्याच्या अकरा नकला लांबगोलावर, एक हृदय, दुसरं त्याचीच नक्कल, मग काटे आणि तलवार, शेवटी एम. पट्टी जिथं एमच्या खालून जाते तिथं दोन्ही बाजूंना बारीकशी फट ठेव, त्या फटीनंच विणलेलं दिसतं. पुढच्या बाजूला जास्त वेळ जाईल. हात आणि चेहरा जमत नसेल तर चेहऱ्यात डोळे-नाक काढूच नकोस. नुसती कललेली मान आणि पदराची रेघ पुरे.

इथं माझ्या आजीचं मेडल सांगतो. आजी गंगापूर तालुक्यातली. तिच्या काळ्या मण्यांच्या पोतीत हे मेडल होतं, ॲल्युमिनियमचं, करंगळीच्या नखाएवढं. कापूस वेचताना, निंदताना, चुलीपुढं वाकताना ते घासत राहिलं. मी बघितलं तेव्हा मातेचा चेहरा पार गेलेला होता, कडेची अक्षरं म्हणजे नुसती खरखर. पण खांद्यापासून पायापर्यंतची बाहेरची आकृती होती, खाली पसरलेले हात होते, आणि मागं एम आणि क्रूस बोटाला स्पष्ट लागायचे. आजीला वाचता येत नव्हतं. ती अंगठा फिरवून सांगायची, ‘ही माय, हा तिच्या लेकाचा क्रूस.’ पन्नास-साठ वर्षं झिजल्यावर जे उरलं, तेच लहान मापात ठेवायचं, हे मी त्या मेडलवरून शिकलो.

तुझ्या कीचेन 40 मिलिमीटरच्या आहेत, त्यात सगळं बसेल. धातूचे बिल्ले 18 मिलिमीटरचे म्हणतोस, त्यात बसणार नाही. माझ्या मशीनवर 0.2 मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ मी ठेवत नाही आणि दोन रेघांमधली फटही तेवढी ठेवतो. 18 मिलिमीटरला किरणं प्रत्येक हातातून तीन-चार पुरेत, झग्याच्या चुण्या दोन. कडेचा मजकूर काढून टाक आणि तिथं साधी किनार दे, कारण न वाचता येणारी अक्षरं ठेवण्यापेक्षा न ठेवणं बरं. तारे मात्र बाराच, लहान कर पण बाराच. बॅनरला उलटं आहे. सहा फुटांवर गेल्यावर 40 मिलिमीटरची फाइल ओकीबोकी दिसते, तिथं चुण्या, ढग, किरणं भरून काढ. एकच फाइल तिन्हीकडं ओढू नकोस.

बिल्ल्यांबद्दल अजून एक. तुझं मशीन सीओटू लेझर आहे. ते उघड्या स्टीलवर किंवा पितळेवर खूण करत नाही, घासाघीस करून मशीनला दोष देशील. ॲनोडाइज केलेला ॲल्युमिनियमचा पत्रा घे, त्यावर पांढरी खूण छान उमटते. नाहीतर ज्याच्याकडं फायबर लेझर आहे त्याच्याकडून करून घे. चर्चच्या दुकानात मिळतात तशी उठावाची मेडलं मात्र डाय (धातूचा साचा) करून ठोकलेली असतात. ती व्हेक्टरवरून लेझरला निघत नाहीत, तसा शब्द फादरना देऊन बसू नकोस.

फाइल उघडल्यावर मापही तपास. एसव्हीजी (व्हेक्टरचा एक प्रकार) फाइल एका प्रोग्राममध्ये 96 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 96 ठिपके धरून, वाचली जाते, दुसऱ्यात 72 नं, इंकस्केप या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत 90 होतं. 25 मिलिमीटरचं मेडल 33 मिलिमीटरचं होऊन उघडतं आणि कडी बसत नाही. पट्टी लावून बघायची, पडद्यावरच्या आकड्यावर जायचं नाही.

आता परवान्याचं. मेडलची मूळ रचना 1832 ची, तिच्यावर आज कुणाचा हक्क नाही. पण त्या रचनेवरून आज एखाद्यानं स्वतः काढलेलं चित्र हे त्याचं काम. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं चित्राचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर 60 वर्षं राहतो. म्हणून ‘देवाचं चित्र आहे, त्याला कसला हक्क’ हे आपल्याकडं सर्रास ऐकू येणारं वाक्य चुकीचं आहे. साईबाबा असोत की मारियामाता, काढणाऱ्यानं रात्री जागवलेल्या असतात.

‘मोफत’ या शब्दाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, काढणाऱ्यानं आधीच देऊन ठेवलेला परवाना. सीसी झिरो किंवा पब्लिक डोमेन (हक्क सोडलेलं) लिहिलं असेल तर बिनधास्त वापर, बदल, विक, कुणाला विचारायची गरज नाही. सीसी बाय असेल तर विकता येतं, पण काढणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. कीचेनवर नाव टाकता येत नाही, तर पाकिटातल्या चिठ्ठीवर टाक. पुढं एनसी, म्हणजे नॉन कमर्शियल, जोडलेलं असेल तर पैशाच्या कामाला नाही. इथं बरेच जण म्हणतात की चर्चचं काम म्हणजे धर्माचं काम, धंदा कुठं आहे. चर्च फुकट वाटणार असेल, पण तू पैसे घेतोयस ना? मग तुझ्यासाठी तो धंदाच. ‘पर्सनल यूज’ लिहिलेलं असेल तर तेही तुझ्या कामाचं नाही. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर ते मोफत आहे असं समजू नकोस, नुसतं उतरवता आलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट फाइलच्या फोल्डरमध्येच ठेव. तू पाठवलेल्या चित्राबरोबर ‘नॉन कमर्शियल’ लिहिलेलं आहे, खाली बारीक अक्षरात. म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. नवं काढायचं ठरवलंस की हा प्रश्नच मिटतो, फक्त चित्र डोळ्यांसमोर खरं मेडल ठेवून काढ, त्या फाइलची रेघन्‌रेघ गिरवू नकोस. मघाशी लॉक करून वर काढ म्हणालो ते माप आणि जागा मिळवण्यापुरतं.

मराठी मजकुराचं काम मला सगळ्यात आवडतं आणि त्यातच सगळ्यात जास्त हात बिघडतात. मूळ ओळ फ्रेंच आहे. तिचा अर्थ असा, ‘हे पापाविना संभवलेल्या मरिये, तुझ्याकडं धाव घेणाऱ्या आमच्यासाठी प्रार्थना कर.’ हा मी माझ्या शब्दांत सांगितला. हा छापू नकोस, स्वतःही भाषांतर करू नकोस. मराठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि प्रार्थना आमच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात, लोकांच्या तोंडात ठरलेले शब्द आहेत. फादरना सांग, तुमच्या इथं म्हणतात तशी ओळ कागदावर लिहून सही करून द्या. ऱ्हस्व-दीर्घ त्या कागदाप्रमाणे. भाषा बदलायला हरकत नाही, वेगवेगळ्या देशांत ही ओळ त्यांच्या त्यांच्या भाषेत असते.

आता ती ओळ लांबगोलावर बसवायची कशी? रोमन अक्षरं सुटी असतात, रेघेवर एकेक वळून उभी राहतात. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे. कोरलमध्ये ‘फिट टेक्स्ट टू पाथ’ केलंस की प्रत्येक अक्षर आपला सरळ तुकडा घेऊन वळतं, बाहेरच्या अंगाला शिरोरेषेत फटी पडतात आणि ओळ तुटक्या कौलांसारखी दिसते. वेलांटी एकीकडं, अक्षर दुसरीकडं. श्रीलिपीत (जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट) टाइप केलेलं असेल तर जोडाक्षराचा अर्धा तुकडा वेगळाच वळतो, ‘प्रार्थना’चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. मी असं करतो. ओळ आधी सरळ टाइप करायची, फादरना दाखवायची, मग कर्व्ह करायची (अक्षरांचे नुसते आकार) आणि एकेक शब्द वेल्ड करायचा (तुकडे जोडून एकच आकार). वेल्ड केलं नाही तर जिथं अक्षरं एकमेकांवर चढतात तिथं मशीन पांढरी भोकं सोडतं. मग प्रत्येक शब्दाची शिरोरेषा कापून टाकायची. उरलेली अक्षरं लांबगोलावर एकेक हातानं वळवून ठेवायची आणि वरून शिरोरेषेच्या जागी त्याच लांबगोलाची खरी वळलेली रेघ शब्दाशब्दाला तोडून द्यायची. एक तास जातो, पण ओळ माळेसारखी एकसंध बसते. घाई असेल तर वेल्ड केलेला शब्द कोरलमधल्या आकार वाकवायच्या एन्व्हलपनं वाकवला तरी चालतं, फक्त अक्षरं वरून फुगतात, ती नंतर थोडी दाबून घ्यावी लागतात.

मूळ मेडलवर ओळ डावीकडून खालून सुरू होते, वरून वळसा घेते आणि उजवीकडं खाली संपते. अगदी तळाला पृथ्वीचा गोल आणि पुष्कळ मेडलांवर 1830 हा आकडा. तीच चाल ठेव. काही जण अर्धी ओळ वर, अर्धी खाली सुलटी अशी करतात, आपल्याकडच्या गोल शिक्क्यांसारखी. ती वाचायला सोपी असते, पण मग ते मेडल न राहता ग्रामपंचायतीचा शिक्का वाटतो.

सापाबद्दल वेगळं सांगतो, कारण हे आपल्या मराठवाड्यातच सांगायची गरज पडते. मातेच्या पायाखालचा साप हा बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, मोहात पाडणारा. तो पाप म्हणून तिथं आहे. आपल्याकडच्या काही चित्रकारांनी हात जाईल तसा त्याला फणा काढलाय, दहाचा आकडासुद्धा. अशी मोफत व्हेक्टरही फिरतात. ती घेऊ नकोस. फणा काढलेला नाग म्हटलं की आपल्या गावात नागपंचमी, वारूळ, लाह्या आठवतात. त्याच गल्लीत राहणाऱ्या माणसाला देवीच्या पायाखाली आपला नाग दिसला तर त्याच्या मनाला लागेल, आणि मेडलचा तो अर्थच नाही. फणा नसलेला, वेटोळं घालून पडलेला साधा साप काढ. फ्रेंच मेडलावर तसाच आहे.

एकदा हे काम चांगलं झालं की पुढच्या वेळी तुला संत बेनेडिक्टचं मेडल सांगतील, घराच्या दारावर लावायला लोक मागतात. त्याबद्दल थोडक्यात. आज सगळीकडं चालतो तो नमुना 1880 चा, इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठानं संतांच्या जन्माच्या 1400 व्या वर्षाला काढलेला. मागच्या बाजूला क्रूसावर आणि कडेला सुटी रोमन अक्षरं असतात, प्रत्येक अक्षर म्हणजे लॅटिन प्रार्थनेतल्या शब्दाचं आद्याक्षर. क्रूसावर उभी सी, एस, एस, एम, एल, आणि आडवी एन, डी, एस, एम, डी. मधला एस दोन्ही ओळींचा एकच, म्हणून क्रूसावर अक्षरं नऊच असतात. कडेला चौदा, त्यात एक क्यू आहे, ट्रेस केलेल्या फाइलमध्ये त्याची शेपटी हमखास गळते आणि ओ होतो. इथं मिररची चूक लगेच कळते, अक्षरांची कळत नाही. तेव्हा खरं मेडल समोर ठेवून बोटानं एकेक अक्षर लाव.

काम मशीनवर टाकायच्या आधी कागदावर खऱ्या मापाची छपाई काढ, पुढची आणि मागची, आणि फादरना किंवा सिस्टरना दाखव. मोबाइलवर पाठवू नकोस, मोबाइलवर सगळंच चांगलं दिसतं. बिघडलेले नग कचऱ्याच्या डब्यात, रस्त्यावर पडू देऊ नकोस. आशीर्वाद दिलेला नसेपर्यंत ते प्लास्टिकच आहे हे खरं, पण कुणाच्या तरी पायाखाली ते मेडल दिसलं तर बघणाऱ्याला ते प्लास्टिक वाटत नाही. मी ते तुकडे करून वेगळ्या पिशवीत ठेवतो.

आजीच्या मेडलवरून आणि चांगल्या स्थितीतल्या आणखी दोन मेडलांवरून मी तिन्ही मापांच्या फाइली स्वतः काढल्यात, फणा नसलेला साप, बारा तारे, विणलेला एम. फोल्डरमध्ये सीसी झिरो असं लिहून ठेवलंय, म्हणजे तू विक, बदल, दुसऱ्याला दे, माझं नाव नको. कडेची जागा रिकामी सोडलीय, ती ओळ तुला तुझ्या फादरच्या कागदावरून बसवावी लागेल. संभाजीनगरला माल घ्यायला येशील तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन दुकानावर ये. आणि येताना चर्चमधल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडून तिच्या गळ्यातलं घासलेलं मेडल एका दिवसासाठी मागून आण. तुझ्या 18 मिलिमीटरच्या बिल्ल्यावर कोणत्या रेघा ठेवायच्या ते त्याच्यावरून बोट फिरवून ठरवू.